रुमालाखालचा हात

शरणप्पा वकील आमच्या तालुक्याच्या कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले की तिकडं बीदरच्या किल्ल्यातली कबुतरं उडायची. अंतर बैलगाडीनं दिवसभराचं. मला हे खुद्द किल्ल्याच्या चौकीदारानं सांगितलं, आणि तो माझा अशील होता. खोटं बोलायचं असतं तर आधी मला विचारून बोलला असता.

एवढा आवाज निघायचा तो एवढ्याशा देहातून. खुर्चीत बसले की त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. ते पाय पाळण्यातल्या पोरासारखे हलत राहायचे, आणि पाय थांबले की समजायचं, वकीलसाहेब विचार करायलेत. या लहान देहावर रुमाल मात्र भला थोरला. आमच्याकडं फेट्याला रुमाल म्हणतात. शरणप्पांचा रुमाल धुऊन वाळत घातला की एक टोक त्यांच्या दारात आणि दुसरं पार पेठेत; मधल्या दुकानदारांना सावली फुकट. "देवानं उंची अंगाला दिली न्हाई," ते म्हणायचे, "मनून मी डोस्क्याला बांधून घेतली."

आमची दोघांची वकिली एकाच खोलीत चालायची. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं माझं टेबल आणि माझी शांतता, पलीकडं शरणप्पा. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ओ पडद्यापलीकडचे!" अशी आरोळी यायची, मग एक मूठ भाजलेल्या शेंगा पडद्यावरून माझ्या टेबलावर पडायच्या. माझ्या अशिलांना वाटायचं, छतावर वानरं आहेत.

घराणं हेडींचं, म्हणजे बैलांच्या दलालांचं. बाप हेडी, आजा हेडी, आणि पणजानं म्हणे एकदा एका सरदाराला त्याचाच बैल परत विकला होता. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमालाचा पदर टाकतात आणि त्याखाली बोटांनी बोलतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. शरणप्पा चालायला शिकायच्या आधी हे शिकले होते. त्यामुळं हात म्हणजे सांडशी. त्यांनी शेकहँड केलेला माणूस दोन दिवस डाव्या हातानं जेवायचा.

पोलीस अॅक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, आणि मागोमाग त्याचा कायदाही गेला. हिंदुस्थानचा कायदा आला. आम्ही सगळे वकील म्हातारपणी बिगारीच्या वर्गात घातल्यासारखे पाठांतराला बसलो. मी रात्रंदिवस घोकून विसरायचो. शरणप्पांनी घोकलंच नाही. त्यांनी प्रत्येक कलमाला नातं लावून टाकलं.

"तीनशे दोन, खुनाचं कलम, हे थोरले काका. घरात आले की सगळे गप. तीनशे एकोणऐंशी, चोरी, हा मेव्हणा. कवाबी येतो, कायतरी उचलून जातो."

"आणि चारशे वीस?" मी पडद्याआडून विचारलं.

"व्याही," शरणप्पा म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

सगळ्या कोर्टाला हे पाठ झालं. आमचे मॅजिस्ट्रेट मद्रासकडून आलेले, किडकिडीत, शिस्तीचे, मराठीशी ओळख नाही. तुटक हिंदुस्थानीत कारभार चालायचा. इथं मी सोयीसाठी सगळं मराठीत लिहितोय. ते सुद्धा एकदा शिपायाला म्हणाले, "आज मेव्हण्याच्या किती केसेस आहेत?"

अशा माणसाकडं माणिक हेडी आला.

माणिक म्हणजे आमच्या बैलबाजाराचा खांब. वय तिशीच्या आत, छाती दरवाजाएवढी. पावसाळ्यात एकदा चिखलात रुतलेला बैल खांद्यावर घेऊन त्यानं नदी ओलांडली. पलीकडं उतरवल्यावर दम लागला होता तो बैलाला. असा गडी शरणप्पांच्या दारात उंबऱ्याबाहेर उभा, आणि डोक्याला रुमाल नाही. आमच्याकडं घरात मयत झाल्याशिवाय हेडी बोडक्या डोक्यानं बाहेर पडत नाही.

"कोण गेलं रे माणिक?" शरणप्पांनी विचारलं.

"कुणी न्हाई, अप्पा. मारहाणीची केस करायची हाय."

"तू मारलास?"

"मला मारलं."

शरणप्पा हसले. मीही पडद्याआड हसलो. कोण हसलं नसतं? "कुणी मारलं? कुठं मारलं?" माणिक बोलेना. शरणप्पांनी परत विचारलं. मग पलीकडचा आवाज बंद झाला. शरणप्पांची खोली गप्प म्हणजे गिरणीचा पट्टा तुटल्यासारखं. मी पडदा बाजूला करून बघितलं. माणिक खाली बसला होता, त्याच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते, आणि शरणप्पांचे पाय हलायचे थांबले होते.

शरणप्पा खुर्चीवरून उतरले. माणिकच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. डोक्यावरच्या रुमालाचं टोक सोडलं, मध्ये पसरलं, आणि त्याखाली आपला उजवा हात ठेवला. तळवा वर करून, उघडा.

"तोंडानं नगं बोलू," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं तिसराच कोणी खोलीत आलाय. "बाजारात बोलतूस तसं बोल. मी तुजा हात धरणार न्हाई. तुला वाटलं तर तू ठेव. व्हय असलं तर दाब. न्हाई असलं तर काढून घे."

माणिक रुमालाकडं विस्तव ठेवल्यासारखं बघत राहिला. बाहेर एका दाव्याची पुकार झाली, पक्षकार धावले, भांडून परत आले. शरणप्पांचा हात तिथंच. शेवटी माणिकनं आपला हात रुमालाखाली सरकवला.

"वीरप्पा?"

वीरप्पा म्हणजे बाजाराचा ठेकेदार. त्याच्या परवानगीशिवाय आमच्या बाजारात माशी बैलावर बसत नव्हती. रुमाल दबला.

"त्याच्या गोठ्यात? शिंदी पाजून?" दबला. "संगं त्याची मानसं व्हती? त्येंनी धरून ठिवलं?" दबला. मग शरणप्पांनी एक प्रश्न विचारला, तो मी लिहीत नाही. रुमाल बराच वेळ हलला नाही. मग दबला.

"तुजी मर्जी व्हती?"

माणिकचा हात असा झटक्यानं बाहेर आला की टेबलावरची दौत उडून माझ्या धोतरावर पडली. आणि त्याला वाचा फुटली.

"पोलीस ठाण्यात अमीनसाबाकडं गेलतो, अप्पा. हासले की! म्हणले, एवढा रेड्यासारखा गडी, तुला कोण हात लावतंय? आन खरंच झालं असंल तर तुलाबी आत घालावं लागंल, ह्या कलमात दोघंबी जात्यात." त्यानं मनगट चोळलं. "बायकोला सांगिटलं, बैलानं मारलं. दवाखान्यात तेच सांगिटलं. पर बाजारात जाववंना. कुणी रुमालाखाली हात धरला की अंग गार पडायलंय. हेडीचा हातच गेला तर काय राह्यलं, अप्पा? मारहाणीचं करा कायतरी. तेवढं बास हाय."

मी कायद्याला धरून सल्ला दिला, की मारहाणीचंच करा. अमीन उद्धटपणे बोलला असेल, पण साफ खोटं बोलला नव्हता. बलात्काराचं कलम तीनशे पंचाहत्तर. त्यात 'स्त्री' लिहिलेलं आहे. पुरुषावर काही होऊ शकतं हे त्या कलमाच्या स्वप्नातही नाही. उरतं तीनशे सत्याहत्तर, निसर्गाविरुद्धच्या कृत्याचं. त्यात मर्जी होती की नव्हती हे विचारतच नाहीत. माणिकनं 'माझ्यावर झालं' म्हणायचं, आणि उद्या कोर्टानं म्हणायचं, म्हणजे तूही त्यात होतास, चल तुरुंगात.

"ओ पडद्यापलीकडचे," शरणप्पा उठून रुमाल बांधता बांधता म्हणाले, "तीनशे पंचाहत्तर ही आमची आत्या. बायकांच्या पंगतीला वाढती, गडी मानूस उपाशी मेला तरी तिकडं बगत न्हाई. आन तीनशे सत्याहत्तर हा आंधळा सासरा. घरात चोर शिरला तर चोराला आन घरधन्याला एकाच काठीनं झोडपतो."

"तेच म्हणतोय मी. त्या सासऱ्याच्या दारात कामून जायलाव?"

"दुसरं दार कुठाय?" आवाज मूळ जागी आला होता, कौलावरचं मांजर पळालं. "बैलानं मारलं मनून बायकोला सांगिटलं, दवाखान्यात सांगिटलं, आता कोर्टातबी तेच सांगायचं? मग ह्याचा हात ह्याला कवा मिळायचा? सासरा आंधळा हाय, बहिरा न्हाई. मी वरडून सांगतो त्येला."

पोलीस लिहून घेत नव्हते, म्हणून शरणप्पांनी थेट मॅजिस्ट्रेटसमोर फिर्याद दाखल केली. वकीलपत्रावर माझीही सही घेतली, म्हणजे मला पळता येऊ नये.

गावात भूकंप झाला. वीरप्पा शरणप्पांच्या बायकोच्या, नीलाक्कांच्या, माहेरचा नातलग. दुसऱ्याच दिवशी नीलाक्कांचे मामा पानाचं तबक घेऊन दारात हजर. "आपलाच मानूस हाय, शरणप्पा. आन हे काय कोर्टात बोलायचं हाय? गड्यागड्यांची मस्करी."

शरणप्पा तोंड उघडणार तेवढ्यात आतून नीलाक्का बोलल्या. "मामा, जेवायला आला असाल तर पाट मांडलाय. मस्करी सांगायला आला असाल तर दार उगडंच हाय."

मामा जेवले. चारीठाव जेवले आणि एक शब्द बोलले नाहीत. माझ्या माहितीतला हा त्या घराण्यातला सर्वात मोठा नैतिक विजय.

साक्षीच्या दिवशी कोर्टात एवढी गर्दी की उकिरड्यावरची कोंबडी सुद्धा खिडकीत येऊन बसली. माणिक पिंजऱ्यात चढला आणि गर्दीत कोणीतरी फिदीफिदी हसलं. शरणप्पा उठले. "साहेब, कोर्ट रिकामं करा."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा पुसला. "स्त्रीची साक्ष असली तर मी करतो, वकीलसाहेब. हा पुरुष आहे."

"मग लाज काय लुगड्यातच असती काय, साहेब? धोतरात न्हाई? कायद्यात लिवलंय, कोर्टाला वाटलं तर कोर्ट रिकामं करावं. बाई बगून वाटावं असं लिवलेलं मला दावा, मी वकिली सोडून शेंगा विकतो."

मॅजिस्ट्रेटनी कायद्याचं पुस्तक उघडलं, पान शोधलं, वाचलं, आणि शिपायाला मान हलवून सांगितलं. गर्दी बाहेर गेली, कोंबडीसकट.

माणिकनं सांगितलं. एकदाच, जमिनीकडं बघून, सगळं. तेवढं त्यानं सांगितलंय, ते पुन्हा सांगायचं मला कारण नाही. वीरप्पाचे वकील भगवंतराव. उंचपुरे, भारदस्त, पोट आधी कोर्टात यायचं आणि भगवंतराव मागून. ते म्हणाले, "काय रे, बैल खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा तूच ना?" (ही गोष्ट गावभर मीच पसरवली होती. त्या क्षणी मला तो बैल पाण्यात सोडावासा वाटला.)

"व्हय."

"मग ओरडला कामून न्हाईस?"

माणिक पुन्हा जमिनीकडं बघायला लागला.

डॉक्टरची साक्ष झाली. डॉक्टर बिचारा चार वाक्यांचा माणूस. "पेशंटनं सांगितलं, बैलानं मारलं. मी मनगटं बघितली. दोन्हीकडं बोटांचे वळ होते. बैलाला बोटं नसतात."

मग युक्तिवादाचा दिवस उजाडला. हे उघड कोर्टात, गर्दी पुन्हा पहिल्यासारखी. भगवंतरावांनी मुद्दा असा मांडला, की ऐकताना मलाही पटायला लागलं. "पहिली गोष्ट, असं काही घडलंच नाही. दुसरी गोष्ट, घडलं असेल, तर एवढा ताकदीचा माणूस, ओरडला नाही, सुटला नाही, म्हणजे तो सामील होता. कायदा मर्जी विचारत नाही. माझ्या अशिलाला आरोपी करायचं तर फिर्यादीलाही शेजारी उभं करा." मॅजिस्ट्रेटनी माणिककडं बघितलं. माणिकनं हात पाठीमागं नेले, जणू बेड्या आताच पडणार.

शरणप्पा उठले. पुस्तक घेतलं नाही. रुमालाचं टोक सोडलं आणि चालत भगवंतरावांपर्यंत गेले. "भगवंतराव, आमच्या बाजाराची चाल साहेबांना ठाव न्हाई. जरा हात द्या, दावू त्येंना."

भगवंतरावांना वाटलं, काहीतरी कागद दाखवायचाय. हात पुढं केला. शरणप्पांनी वर रुमाल टाकला.

आणि धरला.

मी आधीच सांगितलंय, सांडशी. भगवंतराव आधी हसले. मग हात ओढला. मग दुसरा हात टेबलाला लावून ओढला. पोट हललं, पागोटं सरकलं, टेबल पुढं आलं, पण हात आला नाही. चेहरा लाल झाला, कपाळाला घाम आला, पण भरल्या कोर्टात एवढ्याशा माणसाच्या हातून सुटता येईना हे सांगायचं कसं? ते दात आवळून गप्प उभे.

"साहेब," शरणप्पा रुमालाखालचा हात तसाच ठेवून म्हणाले, "भगवंतरावांनी आत्ता त्येंचे दोन्ही बैल मला विकले. सौदा झाला."

"काय?" भगवंतराव म्हणाले. "कसला सौदा?"

"हात माज्या हातात हाय की!"

"मी कुठं दिलाय? तुम्ही धरलाय!"

"मग वरडला कामून न्हाई? एवढे ताकदीचे गडी तुमी. मी हा असा."

भगवंतरावांनी मोकळ्या हातानं सरकलेलं पागोटं सावरलं. कोर्टात कोणी हसलं नाही. त्या दिवशी पिंजऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणिकनं पहिल्यांदा मान वर केली.

शरणप्पांनी हात सोडला, रुमाल उचलला. "आमच्या बाजारात येडं पोरगंबी सांगंल, साहेब. धरलेल्या हाताचा सौदा होत न्हाई, दिलेल्या हाताचा होतो. भगवंतराव भागीदार न्हाईत, त्येंचा हात धरला होता. ह्या माणिकचाबी धरला होता, त्योबी तिघांनी. आता कायद्याचं पुस्तक तुमचं हाय. पर बाजारात जेवढी अक्कल हाय तेवढी तरी कोर्टात असावी, एवढंच माजं मागणं."

निकाल लागला. वीरप्पाला सक्तमजुरी झाली, त्याच्या माणसांनाही. मॅजिस्ट्रेटनी साफ लिहिलं की फिर्यादी गुन्ह्यात सामील नव्हता, गुन्हा त्याच्यावर झाला. पेशकारानं ते वाचून दाखवलं तेव्हा माणिक भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल डोक्याला गुंडाळायला घेतला. तीनदा सुटला. कोणी मदतीला गेलं नाही. शरणप्पांनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं. चौथ्यांदा बसला.

बाहेर आल्यावर आम्ही शरणप्पांना खांद्यावर घ्यायला निघालो, तर ते संतापलेले.

"आता काय झालं? जिंकलाव की!"

"निकालात काय लिवलंय? निसर्गाविरुद्ध गुन्हा! निसर्ग आलता काय साक्षीला? निसर्गाच्या मनगटावर वळ उठले व्हते? माणिकविरुद्ध गुन्हा झालाय, त्याला कायद्यात नावच न्हाई! आज सासऱ्यानं ऐकलं, कामून तर मी कानात वरडलो. उद्या माज्यासारखा वरडणारा न्हाई मिळाला तर?" तिकडं किल्ल्यातली कबुतरं त्या दिवशी परत आलीच नाहीत, असं चौकीदार म्हणतो. "हा सासरा एक दिवस बदलावा लागंल. मर्जी इचारणारा कायदा आणावा लागंल, बाईची इचारतो तशी गड्याचीबी. यील. आज ना उद्या यील."

पुढं राज्याचीच वाटणी झाली. बीदर आमच्या तालुक्यासकट म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर मुंबई राज्यात. माझं घर उदगीरकडचं, मी तिकडं निघालो. सामान गाडीत भरलं, पडदा मात्र तसाच ठेवला, आणि शरणप्पांचा निरोप घ्यायला गेलो तर नीलाक्का म्हणाल्या, "बाजारात गेलेत. बैल घ्यायला."

"बैल? तुमच्याकडं शेत कुठाय?"

"तेच इचारलं मी. म्हणले, शेताचं नंतर बगू."

बाजाराचा दिवस. धूळ, घुंगरं, ओरडा. एका लिंबाखाली माणसांचं कडं. आत शरणप्पा मांडी घालून बसलेले, समोर माणिक, डोक्याला हिरवा रुमाल, आणि मागं एक खिलारी बैल कंटाळून उभा. मध्ये शरणप्पांच्या रुमालाचं टोक पसरलेलं. त्याखाली शरणप्पांचा हात होता, एकच. निकालाला मोठा काळ लोटला होता. माणिक बाजारात यायचा, बैलांचे दात बघायचा, भाव तोंडानं सांगायचा, आणि लोक समजून घ्यायचे. रुमालाखाली मात्र त्यानं त्यानंतर हात घातला नव्हता.

मी हाक मारणार होतो. मग बघितलं, शरणप्पांचे पाय मांडीत थांबलेले होते, आणि उन्हं त्यांच्या तोंडावर येऊनही ते सरकत नव्हते. मी शेंगा फोडत उभा राहिलो.

माणिकनं रुमालाकडं बघितलं. बैलाकडं बघितलं. मग हात रुमालाखाली घातला.

पदर एकदा हलला, दोनदा हलला. माणिकच्या तोंडावर हेडीचं जुनं लबाड हसू आलं. आणि मग शरणप्पा असे किंचाळले, "आई गं! सोड, सोड, मेलो, भाव कबूल हाय!" की बैलानं दावं तोडलं, लिंबावरचे सगळे कावळे उडाले, आणि अख्खा बाजार त्या बैलामागं धावत सुटला.

धुळीत मला शेवटचं दिसलं ते एवढंच. दोघं जागचे उठले नव्हते. शरणप्पा उजवा हात काखेत दाबून रडल्यासारखे हसत होते, आणि माणिक त्यांना विचारत होता, "लई लागलं काय, अप्पा? परत दावू?"